कचेरीतले जुने स्पीकर



पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून देशाचे, धर्माचे आणि साहित्याचे मोठमोठे प्रश्न चर्चिले गेले. आम्हांस बोलावणे आले तेव्हा चालकांच्या मनात ‘कामगार चळवळीचे भवितव्य’ असा भारदस्त विषय होता. आम्ही म्हटले, भवितव्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आमची शाळा नववीत सुटली, पुढचे जे काय शिकलो ते वाचनालयात आणि मजुरीच्या बैठकांत. तेव्हा आमच्या कचेरीतले जुने स्पीकर दुरुस्त करावेत की भंगारात द्यावेत, यावर दोन महिने जो वाद झाला, तो सांगू द्या. चालकांस वाटले की आपल्या ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती, हे पुढे दिसेलच.

आम्ही ‘आम्ही’ म्हणतो याबद्दलही क्षमा असावी. तीस वर्षे ठराव, निवेदने आणि पत्रके लिहीत काढल्यावर माणसास एकवचनात बोलण्याची सवय राहत नाही.

हे स्पीकर आमच्या कचेरीत १९८८ साली आले. त्या वेळी सभासदांनी एकेक दिवसाची मजुरी दिली होती. आम्ही तेव्हा विशीच्या आतले, चांदीच्या कडीला कडी जोडावयास बसणारे पोरगे होतो. कोल्हापुरातून एस.टी.च्या टपावर त्या दोन पेट्या आल्या आणि त्यांतली एक डोक्यावर घेऊन स्थानकापासून कचेरीपर्यंत आम्ही चालत आलो. कंपनीचे नाव येथे सांगत नाही, त्याची जरूर नाही. सागवानी पातळ पापुद्रा लावलेल्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या त्या पेट्या. प्रत्येकीत खाली एक मोठा स्पीकर, घोगऱ्या खालच्या सुरांसाठी. आणि वर एक वाटीएवढा लहान, बारीक सुरांसाठी. त्यांच्याबरोबर एक ॲम्प्लिफायर आणि कॅसेटचे यंत्र. पहिल्या रात्री गल्ली लोटली होती. चांदीचे काम करणारा माणूस दिवसभर मान खाली घालून आणि कान बंद करून बसतो. त्याला गाणे एका भिंतीकडून आणि तबला दुसऱ्या भिंतीकडून ऐकू येतो हे पाहून वाटलेले नवल आजच्या पोरांना समजावून सांगणे कठीण आहे.

या नवलाचा इतिहास थोडक्यात सांगतो. कागदाच्या शंकूस तारेचे वेटोळे चिकटवावे, ते लोहचुंबकाच्या फटीत लोंबते ठेवावे आणि वेटोळ्यातून ध्वनीचा विद्युत्प्रवाह सोडावा, म्हणजे शंकू मागेपुढे होऊन हवा हलवितो व आपणांस आवाज ऐकू येतो. या रचनेला व्यवहारात चालेल असे रूप राईस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९२५ साली दिले. आजही, अगदी लाख रुपयांचा स्पीकर घेतला तरी, आत बहुधा हेच असते. दोन स्पीकरांची, म्हणजे स्टिरिओची, कल्पना ॲलन ब्लमलाईन या इंग्रज इंजिनियराची. तो बायकोबरोबर बोलपट पाहावयास गेला होता. नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याच्या डोक्यात सलले. १९३१ च्या डिसेंबरात त्याने आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आम्हां कोल्हापूरकरांनी हेही लक्षात ठेवावे की त्याच सुमारास आपल्याकडे प्रभात कंपनी ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तयार करीत होती, तो १९३२ साली लागला. ब्लमलाईन पुढे १९४२ साली, महायुद्धात, रडारच्या चाचणीचे विमान कोसळून वारला. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात येण्यास १९५८ साल उजाडले. त्या शोधाचा नफा ज्याने घ्यावा त्याला तो मिळाला नाही, ही गोष्ट आमच्या धंद्यात नवी नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

२००४ साली गणपतीत गल्लीतल्या पोरांनी डावी पेटी मागून नेली. लहान ॲम्प्लिफायर, आवाजाचे बटण शेवटच्या टोकाला पिळलेले, आणि पहाटेपर्यंत धिंगाणा. लोकांची समजूत अशी की मोठ्या ताकदीच्या यंत्राने स्पीकर जळतो. वस्तुतः पुष्कळदा उलट होते. यंत्राची कुवत संपली की त्याचा आवाज फाटतो, आणि तो फाटका प्रवाह वेटोळ्यास तापवितो. आमच्या मोठ्या स्पीकरचे वेटोळे जळाले. (आज जिल्ह्यात मिरवणुकीपुढे स्पीकरांच्या ज्या भिंती चालतात त्यांच्यापुढे आमच्या पोरांचा धिंगाणा म्हणजे भजनच म्हणावयाचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती वाचली कोणी हा प्रश्न निराळा.) तो स्पीकर आम्ही एका शहरातील दुकानात दिला. दुकानदाराने दुरुस्त न करता भलत्याच कंपनीचा स्पीकर त्या भोकात बसवून दिला आणि वर पैसेही पुरते घेतले. पुढे कितीतरी वर्षे आमची कचेरी एका पायाने लंगडणाऱ्या बैलजोडीसारखी चालली होती. डावीकडचा आवाज मोठा, उजवीकडचा बारीक. कोणी तक्रार केली नाही. माणूस वाईट गोष्टीची सवय किती लवकर करून घेतो हे पाहावयाचे असेल तर त्याने कामगारांची वसाहत पाहावी किंवा आमचे स्पीकर ऐकावेत.

गेल्या पावसाळ्यात उजवी पेटीही खरखरू लागली. पुढचे कापड काढून पाहिले तो कागदी शंकूच्या भोवतीची फोमची कड बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखी गळून पडली. आम्हांस वाटले उंदराने खाल्ली. उंदराचा दोष नव्हता. त्या काळचा हा फोम हवेतील ओलाव्याने आणि प्राणवायूने आपोआप सडतो. स्पीकर वाजविला काय आणि कापडात गुंडाळून ठेवला काय, पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा व्हावयाचाच. रबराची कड पुष्कळ अधिक टिकते. आमचा फोम तर चांगला तीस वर्षांवर गेला होता; कड सुटावयास लागून बरीच वर्षे झाली असावीत, फक्त आमच्या कानांना कळले नव्हते.

आता कार्यकारिणीची बैठक. सात माणसे, आणि विषयपत्रिकेवर शेवटचा विषय ‘स्पीकर’. आमचा खजिनदार तरुण आहे, हिशेबाला चोख आहे. तो म्हणाला, “दादा, दोन हजारांत ब्लूटूथवाला मिळतोय. मोबाईल लावला की सुरू. ह्या पेट्यांत साडेतीन हजार कशाला घालायचे? भंगारवाला किलोवर घ्यायला तयार हाय.” आमच्यातले एक ज्येष्ठ, ज्यांनी १९८८ साली वर्गणी गोळा केली होती, ते तापले. म्हणाले, “तुझ्या बापाच्या एका दिवसाची मजुरी हाय त्या पेटीत!” खजिनदार शांतपणे म्हणाला, “बापाची मजुरी कवाच वाजून झाली की, आण्णा. आताची मजुरी कुठं घालायची ते बोला.”

श्रोतेहो, हे उत्तर आम्हांस त्या रात्री झोपू देईना. संघटनेचा पैसा म्हणजे वर्गणीचा पैसा. ज्या बाईने दिवसभर घुंगरे जोडून संध्याकाळी पाठीला तेल लावून घेतले, तिच्या मजुरीतून आलेला तो रुपया आहे. आठवणींच्या नावाखाली तो उधळण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हांला तर मुळीच नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट होती. आमचे एक सहकारी, आमच्याहून वडील, चळवळीत आम्हांस आणणारे, काही वर्षांपूर्वी वारले. मजुरीच्या लढ्यातील त्यांची भाषणे कॅसेटांवर होती. त्यांच्या पत्नीने, आमच्या वैनींनी, निरोप पाठविला की कचेरीतले यंत्र बंद पडण्याआधी एकदा ऐकवा. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, हे कारण पुरे आहे, स्पीकर दुरुस्त करा. परंतु खरे सांगावयाचे तर हे कारण पुरे नव्हते. सभेतले भाषण एका मायक्रोफोनने टिपलेले असते. ते दोन स्पीकरांतून ऐकले काय आणि एकातून ऐकले काय, सारखेच. दोन हजारांच्या डबीतूनही वैनींना तो आवाज ओळखू आला असता. भावनेच्या ओझ्याखाली चुकीचा हिशेब पास करून घेणे ही मालकांची रीत आहे, ती आम्ही उचलू नये असे आमचे मत पडले आणि आम्ही बैठकीत ते बोललो. ज्येष्ठ मंडळी आठ दिवस आमच्याशी बोलली नाहीत.

मग निर्णय कशावर करावयाचा? येथे आम्हांस आमचा धंदाच उपयोगी पडला. हुपरीत शंभर वर्षांहून अधिक काळ चांदी घडते. पैंजण, छुमछुम, घुंगरू, पट्ट्या, यांची ही पेठ सगळ्या देशाला माहीत आहे. चांदीचे एक वैशिष्ट्य असे की ती वाया जात नाही. कानशीचा कीस, भट्टीची राख, जमिनीवरचा केरसुद्धा धुऊन झारेकरी त्यातून चांदी काढतो. जुना दागिना आला की तो मुशीत जातो आणि चांदीची चांदी राहते. मग वाया काय जाते? घडणावळ जाते! ज्याने तार ओढली, कडी वळविली, डाख दिला, त्याचे चार दिवस मुशीत वितळतात आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तराजू फक्त चांदी तोलतो. आमचे सगळे आयुष्य या तराजूशी भांडण्यात गेले. मजुरी किलोवर ठरते; २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हा गिऱ्हाईक आखडले, किलो कमी झाले, म्हणजे ज्याच्या हातात चांदीचा एक कणही स्वतःचा नाही त्याच्याच पोटाला चिमटा बसला. आम्ही व्यापाऱ्यांना सांगत आलो की वजनावर जाऊ नका, हातावर जा. आणि आता आम्हीच आमच्या पेट्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवावयास निघालो होतो, तेही त्यात काय बिघडले आहे आणि काय शाबूत आहे हे पाहण्यापूर्वी!

तेव्हा प्रथम पाहावयाचे ठरले. पाहण्यास पैसा पडत नाही. हे कसे पाहावे ते सांगतो, कारण येथे बसलेल्या पुष्कळांच्या माळ्यावर असे स्पीकर असतील.

पहिली गोष्ट, दोष स्पीकरचा की यंत्राचा, हे ठरवावे. ॲम्प्लिफायरच्या मागून डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. खरखर जर डावीकडून उजवीकडे गेली तर दोष यंत्राचा. जेथल्या तेथे राहिली तर स्पीकरचा. निम्मी भांडणे येथेच मिटतात. आवाजाचे बटण फिरविताना खरखरत असेल तर आत धूळ बसली आहे, स्पीकरचा काही संबंध नाही. मग यंत्र बंद करून मोठ्या शंकूच्या दोन बाजूंना दोन अंगठे ठेवावेत आणि हलकेच, अगदी सारख्या जोराने, आत दाबावे. निमूटपणे आत जाऊन परत आला तर वेटोळे शाबूत आहे. वाळू घासल्यासारखा आवाज आला तर वेटोळे फुगले आहे किंवा सरकले आहे. तारा सोडवून दीड व्होल्टचा घड्याळातला सेल क्षणभर टोकांना टेकवावा; शंकूने टक् करून हालचाल केली की तो जिवंत आहे. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असता शंकू सहसा बाहेरच्या बाजूस येतो. एका पेटीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर दोन शंकू एकमेकांविरुद्ध ओढतात आणि खालचे सूर नाहीसे होतात. आमच्या संघटनेत १९९७ साली दोन गट पडले होते, तेव्हा अगदी असेच झाले होते, आवाज पुष्कळ आणि जोर शून्य. मीटर असेल तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवितो. काहीच दाखविले नाही तर तार तुटलेली आहे. आणि वरचा लहान स्पीकर मुका असेल तर तो मेला असे लगेच समजू नये. त्याच्या वाटेत एक कपॅसिटर असतो, खालचे जड सूर अडवून बारीक तेवढे पुढे सोडणारा. जुन्या पेट्यांत तो आतून सुकतो. शंभर रुपयांच्या आतला हा तुकडा बदलला की मुका बोलू लागतो. आमच्या दोन्ही लहान स्पीकरांचे हेच झाले होते.

पेट्या मात्र ठणठणीत होत्या. भुशाच्या दाबलेल्या फळीची पेटी ओल लागली की पावासारखी फुगते आणि मग दुरुस्तीचा विचार सोडावा हेच बरे. आमच्या आतली फळी प्लायची होती.

एवढी पाहणी करून आम्ही कोल्हापुरास, लक्ष्मीपुरीच्या एका बोळात, एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी उलटलेले. त्यांचे दुकान म्हणजे दोन माणसे बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभे राहावे एवढेच. भिंतीवर जुने रेडिओ, माळ्यावर स्पीकरांचे सांगाडे. पूर्वी आयटीआयमध्ये रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम असे, त्यात ते शिकले. मिस्त्रींनी उजवा स्पीकर हातात घेतला, अंगठ्यांनी दाबला, कानाशी धरला आणि म्हणाले, “ह्याचं काही गेलं न्हाई. नुसती चड्डी फाटलीया.” डाव्या पेटीतला भलत्या कंपनीचा स्पीकर पाहून मात्र त्यांनी असा शब्द वापरला की तो या व्यासपीठावर उच्चारता येत नाही. माळ्यावर चढून त्यांनी आमच्याच जातीचा एक जुना स्पीकर शोधून काढला. वेटोळे चांगले, कड सडलेली. तो नऊशे रुपयांना देतो म्हणाले. कडा टपालाने मागवाव्या लागणार होत्या. मजुरी किती, असे विचारले तेव्हा ते घुटमळले. चाळीस वर्षे कसब करणारा माणूस आपल्या मजुरीचा आकडा सांगताना खाली पाहतो! आम्ही म्हटले, “मिस्त्री, आम्ही मजुरी पाडून मागणारी माणसं न्हवं. तुमचा आकडा सांगा.” ते म्हणाले, “दोन्हीचे मिळून पंधराशे द्या. पण लोक म्हणतात, तेवढ्यात नवा येतोय.”

हेच ते वाक्य. तेवढ्यात नवा येतो. नवा स्वस्त का येतो, हे आम्ही कामगार चळवळीतल्या माणसांनी तरी विचारावयास हवे. कोठेतरी दूरच्या कारखान्यात पट्ट्यावर बसून कोणीतरी दिवसाला शेकड्यांनी ते जोडतो, त्याच्या मजुरीचा आपणांस पत्ता नसतो, म्हणून ती स्वस्त वाटते. मिस्त्रींची मजुरी समोर दिसते, म्हणून ती महाग वाटते. शिवाय नवी डबी अशी चिकटवून बंद केलेली असते की बॅटरी गेली तरी उघडता येऊ नये. हा प्रश्न आता सरकारदरबारीही पोहोचला आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कागदावर ठीक आहे. परंतु दुरुस्तीचा हक्क मिळून दुरुस्त करणारा उरला नाही तर तो हक्क कोणत्या बोळात जाऊन बजवावयाचा? मिस्त्रींचा मुलगा मोबाईलच्या दुकानात नोकरीला आहे. शिष्य नाही.

ही हकीकत आम्ही पुढच्या बैठकीत सांगितली. दुरुस्तीचा अंदाज साडेतीन हजार, ब्लूटूथचा दोन हजार. दीड हजारांचा फरक कोणत्या तोंडाने सभासदांना सांगावयाचा, हा प्रश्न होताच. तोड काढली ती खजिनदारानेच. तो म्हणाला, “दीड हजार स्पीकरला घालतोय असं लिहू नका. शिकायला घालतोय असं लिहा, आणि खरंच शिकवा. आपली दोन पोरं मिस्त्रींजवळ बसवा. एक स्पीकर त्यांनी करायचा, एक आपल्या पोरांनी. तर माझी सही.” ठराव एकमताने मंजूर झाला. सात माणसांच्या बैठकीत एकमत होणे हाही आमच्याकडे पंधरा वर्षांतला पहिलाच प्रसंग.

दोन पोरे निवडली. त्यांतला एक मशीनच्या साखळीमुळे काम कमी झालेला, डाखाच्या कामात हात बसलेला कारागीर. रविवारी-रविवारी ती दोघे लक्ष्मीपुरीला जात. मिस्त्रींनी पहिला स्पीकर त्यांच्यापुढे केला. जुन्या फोमचा अवशेष आणि वाळलेला डिंक स्पिरिटने भिजवून, कागद न फाडता, नखाएवढ्या सुरीने खरवडून काढावयाचा. यातच दोन तास. मग नवी कड शंकूला चिकटवावयाची, आणि ती सुकल्यावर बाहेरच्या लोखंडी सांगाड्याला. सगळी मख्खी या दुसऱ्या चिकटविण्यात आहे. वेटोळे लोहचुंबकाच्या फटीत अगदी मधोमध राहावयास हवे. दोन्ही बाजूंस राहणारी जागा पोस्टकार्डाच्या जाडीहून फारशी मोठी नसते. डिंक ओला असताना बोटांनी सगळीकडून दाबून पाहावयाचे, घासले की सरकवावयाचे, पुन्हा दाबावयाचे.

आमच्या कारागिराने दुसरा केला. डिंक सुकल्यावर वाजविला तर घासला. चांदीत जो हात कधी चुकत नाही तो कागदात चुकला. पोरगा रडकुंडीला आला. मिस्त्रींनी कड फाडून काढली, साडेतीनशे रुपये गेले, आणि म्हणाले, “चांदीत चुकलं तर वितळवतोस न्हवं? मग हितं फाडायचं.” नवी कड टपालाने यावयास दीड महिना लागला. तो दीड महिना खजिनदाराच्या तोंडाकडे पाहण्याची आमची छाती नव्हती. दुसऱ्या खेपेस पोराने आपली युक्ती वापरली: घुंगराच्या कामातल्या पातळ पत्र्यासारख्या कागदी पट्ट्या कापून, मधली टोपी काढून, वेटोळ्याच्या आत चहूबाजूंनी खोवल्या, म्हणजे ते मधोमध अडकून राहिले, आणि मग कड चिकटविली. मिस्त्री म्हणाले, ही जुनी रीत आहे, मुद्दामच सांगितली नव्हती. दुसऱ्या पोराला याहून निराळाच शोध लागला. आमच्या गल्लीत एकजण कानशीच्या किसातून लोखंडाचे कण वेचावयास एक गोल काळा लोहचुंबक वापरीत असे. चांदी त्याला चिकटत नाही, लोखंड चिकटते. तो लोहचुंबक म्हणजे २००४ साली जळालेल्या आमच्याच स्पीकरचा, शहरातल्या त्या दुकानातून फिरत-फिरत भंगारवाल्याकडून गावात परत आलेला असावा, असे ते पोर शपथेवर सांगते. आमचा विश्वास नाही. परंतु खुणेचे स्क्रू तसेच आहेत.

सगळेच वाचले असे मात्र नाही. कॅसेटच्या यंत्राचा पट्टा वितळून डांबर झाला होता, डोके झिजले होते, आणि त्याचा एकही भाग कोठे मिळेना. मिस्त्रींनीच सांगितले, याच्यावर पैसा घालू नका. ते ई-कचऱ्याच्या गाडीत दिले. ज्येष्ठ मंडळींना वाईट वाटले, परंतु मेलेल्याला मेले म्हणता आले पाहिजे. कॅसेटा दुसऱ्या यंत्रावरून मोबाईलमध्ये उतरवून घेतल्या. त्या कामी खजिनदाराने तीन रात्री घातल्या, एक पैसा न घेता, आणि आता तो १९९२ सालच्या मजुरीच्या वाटाघाटी आम्हांसच तारीखवार ऐकवितो.

हिशेब वहीत असा आहे: कडा तीन, १०५०, कपॅसिटर चार, २४०, जुना स्पीकर ९००, मजुरी १५००, डिंक आणि जाणे-येणे २८५. एकूण ३९७५ रुपये, म्हणजे अंदाजाहून ४७५ अधिक. हे ४७५ आम्ही आमच्या खिशातून भरू म्हटले, तर सभासदांनी ते नामंजूर केले. दोन पोरांनी त्यानंतर गावातल्या पाच पेट्या दुरुस्त केल्या आहेत. मजुरी किती घ्यावी हे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही सांगितले, मिस्त्रींहून कमी घेऊ नका, नाहीतर त्यांचेच गिऱ्हाईक तोडाल.

संक्रांतीच्या आधल्या रविवारी कचेरीत पेट्या लावल्या. वैनी आल्या होत्या, नातीला घेऊन, पहिल्या रांगेत. मोबाईलची तार ॲम्प्लिफायरला जोडली आणि आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा आवाज दोन्हीकडून एकसारखा, म्हणजे बरोबर मधोमध, जेथे ते उभे राहत तेथूनच आला. एकाच मायक्रोफोनचा आवाज दोन जुळत्या स्पीकरांतून असाच मधोमध उभा राहतो, हे शास्त्र आम्हांस ठाऊक होते. तरी अंगावर काटा आला. डाव्या लंगड्या पेटीतून तो आवाज इतकी वर्षे भिंतीला टेकून बोलत होता, हे तेव्हा कळले. म्हणजे बैठकीत आम्ही जे ठासून सांगितले होते, की एक काय आणि दोन काय, ते तितकेसे खरे नव्हते. ज्येष्ठ मंडळींची आम्ही तेथेच क्षमा मागितली.

वैनी बराच वेळ ऐकत होत्या. मग पदर सावरून खजिनदाराला म्हणाल्या, “बाळ, जरा बारीक कर. एवढ्या मोठ्यानं ते घरात कधी बोलले न्हाईत.”

डाव्या पेटीत एका विशिष्ट खालच्या सुराला अजून किंचित घरघर येते. मिस्त्री म्हणतात मागच्या फळीचा स्क्रू ढिला आहे, आमचा कारागीर म्हणतो कड पुन्हा सुटते आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता ती उघडावयाची ठरली आहे. ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील त्यांनी त्या घेऊन कचेरीत यावे. येताना तारा आणाव्यात, आमच्याकडच्या संपल्या आहेत.